सॉफ्टरेस, गारगुल, आरसी लूट कौन्सिल: गिल्डची लूट वाटायला कोण किती कामाचं

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक या ऑनलाइन गेममध्ये रेड (मोठ्या गटानं मिळून बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, मारण्याची मोहीम) चालवणाऱ्या गिल्डसमोर, म्हणजे खेळाडूंच्या संघासमोर, लूट (बॉसकडून पडलेल्या वस्तू) वाटायच्या मुख्य वाटा चार. सॉफ्टरेसच्या साइटवर आधीच आरक्षण, ते आरक्षण गेममध्ये राबवणारं गारगुल हे गेमला जोडायचं अ‍ॅडऑन, ऑफिसरांच्या मतदानासाठी आरसी लूट कौन्सिल आणि सगळ्यांत जुनी म्हणजे गुणांची स्प्रेडशीट. पैसे कशालाच पडत नाहीत. चारही आपापलं काम बरं करतात, म्हणून "सगळ्यांत चांगलं कोणतं" असं विचारून हाती काही लागत नाही. प्रत्येकात कोणीतरी मागे राहतो. तो कोण असेल, हे गिल्डनं आधी पाहून घ्यावं. त्यासाठी इथे तीनच कसोट्या लावल्या आहेत: मागचे दोन आठवडे गैरहजर असलेला जुना भिडू, कालपरवा आलेला नवा भिडू, आणि महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणारी वस्तू.

सॉफ्टरेसपासून सुरुवात करू, कारण नव्या गिल्डा तिथूनच सुरुवात करतात. रेड लीडर साइटवर रेड निवडतो, माणशी किती आरक्षणं ते ठरवतो (सहसा १ किंवा २) आणि लिंक डिस्कॉर्डवर टाकतो. ज्याला जी वस्तू हवी ती तो निवडतो. वस्तू पडली की ज्यांनी ती राखून ठेवली आहे तेवढेच रोल मारतात (१ ते १०० मधला आकडा, मोठा तो जिंकतो). कोणीच राखलेली नसेल तर ती सगळ्यांना खुली, आधी मेनस्पेक (खेळाडूची मुख्य भूमिका), मग ऑफस्पेक (दुय्यम भूमिका). समजावून सांगायला पाच मिनिटं लागत नाहीत आणि रेड संपली की हिशेबही संपतो. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी.

सेटिंग्जमध्ये एका जागी मात्र नीट लक्ष घालावं लागतं: आरक्षणं सगळ्यांना दिसू द्यायची की झाकून ठेवायची. उघडी ठेवली तर जो शेवटी येतो त्याचं फावतं. कोणत्या धनुष्यावर चार हंटर आहेत आणि कोणत्यावर एकही नाही हे पाहून तो मोकळी जागा धरतो, आणि सकाळीच इमानेइतबारे नाव टाकणारा गर्दीत अडकतो. झाकून ठेवली तर सगळेच त्या एका नावाजलेल्या वस्तूवर तुटून पडतात. मधला मार्ग असा: नोंदणी चालू असेपर्यंत झाकलेलं, रेडच्या वेळेला यादी कुलूपबंद, आणि कुलूप लागताच उघड. कुलूप लावल्यावरही यादी झाकलेली ठेवणाऱ्या लीडरवर संशय येणारच, आणि तो रास्तच असतो. कुलपानंतर "माझं चुकून दुसरंच राहिलं" म्हणणाऱ्यासाठी एकदा बदल केला की ते कुलूप नावापुरतं उरतं.

या पद्धतीचं खरं दुखणं गणितात आहे. समजा एखादी वस्तू पडण्याची शक्यता १५ टक्के आहे आणि ती चौघांनी राखली आहे. तर त्यांतल्या एकाला ती एका आठवड्यात मिळण्याची शक्यता पावणेचार टक्के. तेच चौघे दर आठवड्याला तीच वस्तू धरून बसले तर दहा आठवड्यांनंतरही ती सुमारे ३२ टक्क्यांवरच. म्हणजे तीनपैकी दोन वेळा अडीच महिने एकही रेड न चुकवणारा माणूस रिकाम्या हातानं परततो, आणि त्याच्या समोर पहिल्याच रेडला आलेला पाहुणा ९७ चा रोल मारून ती घेऊन जातो. आयत्या बिळावर नागोबा. नियमानं सगळं बरोबर, पण गिल्डच्या चॅटमध्ये त्या रात्री कोणी बोलत नाही.

यावर बहुतेक गिल्डा एक ठिगळ लावतात: ज्याची राखलेली वस्तू या आठवड्यात मिळाली नाही त्याच्या पुढच्या रोलमध्ये १० मिळवायचे. ठिगळ चांगलं आहे, पण त्याला वरची मर्यादा लागते. आठ आठवड्यांनी जुन्याचा रोल ८१ ते १८० होतो, नव्याचा १ ते १०० च राहतो. दोघंच असतील तर नव्यानं जिंकण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी. तेव्हा रोल हा देखावाच उरतो आणि नवे लोक तिसऱ्या रेडला येत नाहीत. जास्तीत जास्त ३० वर थांबवा. आणखी एक कलम आधीच लिहून ठेवा: राखलेली वस्तू बदलली तर साठवलेले गुण शून्य. नाहीतर लोक कमी मागणीच्या वस्तूवर गुण साठवतात आणि नवी रेड उघडली की सगळ्यांत महागड्या वस्तूवर ओततात.

ज्या गिल्डमध्ये दर आठवड्याला निम्मे चेहरे बदलतात, तिथे सॉफ्टरेसला पाचपैकी चार. त्याच तीस जणांच्या पक्क्या गिल्डला अडीच.

गारगुल हे सॉफ्टरेसचं गेममधलं अंग. साइटवरून यादी कॉपी करून अ‍ॅडऑनमध्ये चिकटवली की वस्तूवर माऊस नेताच ती कोणी राखली आहे ते दिसतं. रोल सुरू केला की वेळ मोजला जातो, मेनस्पेक आणि ऑफस्पेकचे रोल वेगळे लावले जातात, आणि कोणाला दिली याची नोंद राहते. चाळीस जणांच्या चॅटमध्ये नजरेनं रोल शोधणाऱ्याला हे वरदानच वाटेल. आज कोणाला आधीच एक वस्तू मिळाली आहे हे दाखवणारा "प्लस वन"चा हिशेब तोच ठेवतो. किरकोळ माल ठरवलेल्या माणसाकडे आपोआप पाठवायचीही सोय आहे, त्यामुळे दर दोन मिनिटांनी खिडकी उघडून हिरव्या वस्तूंचा निवाडा करावा लागत नाही.

गारगुलची सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र फारसं कोणी बोलून न दाखवणारी आहे: वस्तूंच्या उरलेल्या वेळेच्या पट्ट्या. उचलताच बांधली जाणारी वस्तू त्या बॉसच्या वेळी हजर असलेल्यांनाच देता येते, आणि तीही दोन तासांत. कित्येक मास्टर लूटर (वाटपासाठी सगळी लूट हाती घेणारे) "शेवटी एकदमच वाटू" म्हणून सगळं स्वतःच्या बॅगेत टाकतात. रेड तीन तास चालली की पहिल्या बॉसची तलवार त्याच्याच गळ्यात पडते. मग गेमच्या मदतकेंद्राकडे तिकीट टाका, माफी मागा, डिस्कॉर्डवर खुलासे लिहा. पट्टी लाल होताना दिसली तर हे टळतं. तरी नियम असा ठेवावा की दर दोन बॉसनंतर थांबून वाटप उरकायचं. ट्रॅश (बॉसच्या वाटेवरचे किरकोळ शत्रू) मारताना रोल घेतले तर वेळही वाया जात नाही. हजर असण्याची अट बदली खेळाडूलाही लागते. पाचव्या बॉसला आत आलेल्याला चौथ्याची वस्तू कोणत्याही अ‍ॅडऑननं देता येत नाही. म्हणून वस्तू पडल्या पडल्या कोणाला रजा द्यायची असेल, तर आधी रोल आणि मग रजा.

गारगुलच्या गडबडी बहुतेक नावांवरून होतात. साइटवर एकानं नाव लिहिताना डोक्यावरच्या खुणेचं अक्षर साधं लिहिलं, किंवा मुख्य पात्राऐवजी अल्टच्या (आपल्याच दुसऱ्या पात्राच्या) नावानं नोंदणी केली, की जुळणी बिघडते. आयात झाल्यावर "यांनी काहीच राखलेलं नाही" अशांची यादी एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. चूक तिथेच सापडते. दुसरी गडबड म्हणजे आयात केल्यानंतर साइटवर झालेले बदल. अ‍ॅडऑनला ते आपोआप कळत नाहीत. पहिला बॉस मारण्याआधी शेवटची आयात, त्यानंतर नाही, असं ठरवलं की वाद मिटतो. तिसरी: सगळा डेटा एकट्या मास्टर लूटरकडे. त्याचं नेट गेलं की रेड थांबते. दुसऱ्या ऑफिसरकडेही तीच यादी आयात करून ठेवायला अर्धं मिनिट पुरतं.

गारगुलमध्ये सोन्याच्या लिलावाचीही व्यवस्था आहे. तिथे वस्तूवर सोन्यात बोली लागते आणि जमलेलं भांडं शेवटी वाटलं जातं. भांड्यात ३०,००० जमले, लीडर आणि टँक (शत्रूचा मार झेलणारे) यांचे १० टक्के बाजूला काढले, तर २५ जणांत माणशी १,०८० येतात. हिशेब इतका स्वच्छ दुसऱ्या कोणत्याच पद्धतीत नाही आणि रिकाम्या हातानं कोणी जात नाही. अडचण अशी की बोलीचं सोनं कुठून आलं हे कोणी विचारत नाही, त्यामुळे खऱ्या पैशांत सोनं विकणाऱ्यांचं चांगभलं होतं. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डनं क्लासिकच्या सीझन ऑफ डिस्कव्हरी या आवृत्तीच्या दुसऱ्या टप्प्यापासून, २०२४ मध्ये, हे लिलाव बंद केले आणि अ‍ॅनिव्हर्सरी सर्व्हरांवरही त्यांना मनाई आहे. तेव्हा बटण दिसलं म्हणून वापरायला जाऊ नका, आधी आपल्या सर्व्हरचा नियम पाहा. गारगुलला एकूण साडेचार. अर्धा गुण गेला तो सेटिंग्जच्या जंगलात. नव्या लीडरला पहिल्या दिवशी त्यात वाट सापडत नाही.

कौन्सिल

आरसी लूट कौन्सिलचं काम वेगळ्या धर्तीचं. मास्टर लूटरनं सत्र सुरू केलं की प्रत्येकाच्या पडद्यावर वस्तू आणि बटणं येतात: मेनस्पेक, ऑफस्पेक, थोडीशी सुधारणा, नको. बटणांची नावं गिल्डनं हवी तशी ठेवावीत. सोबत दोन शब्दांची चिठ्ठीही लिहिता येते. कौन्सिलच्या खिडकीत मागणाऱ्यांची यादी, त्यांच्या अंगावर सध्या काय आहे आणि कोणी काय मागितलं हे एका नजरेत दिसतं. मतं पडतात, वस्तू दिली जाते, इतिहासात नोंद होते. तो इतिहास बाहेर काढून स्प्रेडशीटमध्ये घालता येतो.

वस्तू ज्याच्या हातात सगळ्यांत उपयोगी त्याच्याकडे जाते, हा याचा फायदा. आपण वर धरलेल्या तिसऱ्या कसोटीवर, म्हणजे दुर्मीळ वस्तूंवर, बाकी सगळ्या पद्धती अडखळतात. थंडरफ्युरी या तलवारीचं उदाहरण घ्या. तिला दोन बाइंडिंग (तुकडे) लागतात, एक गार या बॉसकडून, एक बॅरन गेडनकडून. डावं एकाला आणि उजवं दुसऱ्याला गेलं तर दोघंही अर्धवट राहतात आणि गिल्डला महिने उलटले तरी तलवार दिसत नाही. शॅडोमोर्न या कुऱ्हाडीचंही तेच: ५० शॅडोफ्रॉस्ट शार्ड एकाच माणसाकडे जमावे लागतात, वाटून घेतले तर कोणाचंच पूर्ण होत नाही. अशा वस्तू सॉफ्टरेसमध्ये ठेवूच नयेत. त्यांची कायम राखीव यादी करा, क्रम जाहीर करा, आणि पहिल्या क्रमांकाचा माणूस अर्ध्यावर गिल्ड सोडून गेला तर पुढे कोण, हेही त्याच ओळीत लिहा.

तोटा जगजाहीर आहे. वाटणारे तेच आणि घेणारेही तेच, म्हणून कुंपणच शेत खातं अशी कुजबुज सुरू होते. निम्म्या वेळा ती खोटी असते, पण खोटी आहे हे दाखवायला हातात आकडे लागतात. अ‍ॅडऑनमध्ये त्यासाठी बरंच आहे, फक्त लोक ते चालू करत नाहीत. स्वतःला मत देण्याची मुभा बंद करा. इतर सभासदांना मतदानाची खिडकी पाहता येईल असा पर्याय आहे, तो चालू ठेवा. गुप्त मतदान टाळा. ज्याला आपलं मत नावासकट दाखवायला संकोच वाटतो त्यानं कौन्सिलमध्ये बसू नये. कौन्सिल पाच जणांची, त्यात एक टँक, एक हीलर (जखमा भरणारा) आणि किमान एक ऑफिसर नसलेला सभासद, जो दर महिन्याला बदलतो. सातच्या पुढे गेलं की प्रत्येक वस्तूला चार मिनिटं लागतात आणि हीलर चहा करायला उठतात.

आकडेही नीट वाचायला हवेत. तक्रार करणारा वस्तू मोजतो, हजेरी मोजत नाही. एकाला १२ रेडमध्ये ६ वस्तू मिळाल्या, दुसऱ्याला ५ रेडमध्ये ४. यादीत पहिला लाडका दिसतो, पण रेडमागे पाहिलं तर पहिल्याला ०.५ आणि दुसऱ्याला ०.८. हा भागाकार करून महिन्याच्या शेवटी डिस्कॉर्डवर टाकला की निम्मी कुजबुज थांबते. उरलेली निम्मी खरी असू शकते, ती ऐकून घ्या. ऑफस्पेकच्या आणि कोणालाच नको म्हणून गळ्यात पडलेल्या वस्तू या मोजणीत धरू नयेत. त्यासाठी वाटतानाच बरोबर कारण नोंदवावं लागतं. घाईत सगळं "मेनस्पेक" म्हणून दिलं की महिनाअखेरीचा तक्ता कचरा होतो.

सध्याच्या मुख्य गेममध्ये मास्टर लूट २०१८ च्या विस्तारापासून, म्हणजे बॅटल फॉर अ‍ॅझरॉथपासून नाही. २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये रोलचं ग्रुप लूट परत आलं, मास्टर लूट आलं नाही. तिथेही हे अ‍ॅडऑन चालतं, पण सगळ्यांनी ते टाकलेलं असावं लागतं. एकानं जरी नीडचं ("मला हवं") बटण दाबलं तरी कौन्सिलचं मत बाजूला राहतं आणि वस्तू त्याच्याकडे जाऊ शकते. क्लासिकमध्ये चार, मुख्य गेममध्ये साडेतीन.

गुणांची स्प्रेडशीट

ड्रॅगन किल पॉइंट्स, म्हणजे डीकेपी, १९९९ मध्ये एव्हरक्वेस्ट या जुन्या ऑनलाइन गेममधल्या आफ्टरलाइफ गिल्डनं सुरू केले. नावातले ड्रॅगन म्हणजे लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन. कल्पना आजही तीच: हजेरीला गुण, वस्तूला गुणांची किंमत. गैरहजर जुन्या भिडूला यासारखी दुसरी पद्धत नाही, त्याचे गुण कुठे जात नाहीत. आणि नेमकं तेच पुढे नडतं.

२५ जणांची रेड धरा. चार बॉस, प्रत्येकी १० गुण, म्हणजे आठवड्याला १,००० गुण तयार होतात. वस्तू १२ गेल्या, सरासरी ५० ला, म्हणजे ६०० गुण परत आले. दर आठवड्याला ४०० गुण जास्तीचे साठतात. दहा आठवड्यांनी ४,००० गुण हवेत तरंगत असतात, आणि नवी रेड उघडली की जुने लोक सगळं एकाच वस्तूवर लावतात. यावर दोन उपाय. एक म्हणजे शून्य बेरीज: १०० ला वस्तू गेली की ते १०० हजर २५ जणांत ४-४ वाटायचे. बेरीज कधीच वाढत नाही, पण काहीच न पडलेल्या रेडला काहीच मिळत नाही, त्यामुळे नव्या बॉसवर सराव करायला लोक येईनासे होतात. दुसरा उपाय घसारा. दर आठवड्याला २० टक्के कापायचे. आठवड्याला ४० मिळवणाऱ्याची शिल्लक मग २०० च्या पुढे कधीच जात नाही. दहा आठवड्यांत ती सुमारे १७८ होते. नवा माणूस दोन-अडीच महिन्यांत जुन्याच्या जवळ येतो आणि जुन्याचीही अगदी माती होत नाही. २० पेक्षा जास्त घसारा लावला तर दोन आठवडे सुट्टीवर गेलेल्यानं परत येण्याचं कारण उरत नाही.

बोलीत आणखी एक खोड आहे. तिन्ही वॉरलॉक (एकाच वर्गाचे खेळाडू) आपसात ठरवतात की एकमेकांवर बोली चढवायची नाही, आणि वस्तू १ गुणात जाते. बंद बोली लावा, दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर एक गुण अशी किंमत घ्या, आणि किमान किंमत ठेवा. तिन्ही मिळूनच चालतात. नुसती बंद बोली लावली तर साटंलोटं तसंच राहतं.

ईपीजीपी हा याचाच सुधारलेला भाऊ. मेहनतीचे गुण (ईपी) भागिले घेतलेल्या वस्तूंचे गुण (जीपी), ज्याचा भागाकार मोठा त्याचा नंबर आधी. इथे सगळा खेळ पायाभूत जीपीवर, म्हणजे प्रत्येकाच्या जीपीत आधीच मिळवलेल्या आकड्यावर, आहे आणि लोक तो आकडा अंदाजानं टाकतात. जुन्याचे ईपी १२००, घेतलेल्या वस्तूंचे ३००. नव्याचे ईपी ५००, वस्तू एकही नाही. पाया १०० ठेवला तर जुना १२०० भागिले ४०० म्हणजे ३, नवा ५०० भागिले १०० म्हणजे ५, नवा पुढे. पाया २५० केला तर जुना २.१८, नवा २; जुना पुढे. एका आकड्यानं निकाल उलटतो, म्हणून तो हंगामाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर ठरवावा आणि मध्ये हात लावू नये. शिवाय किमान ईपीची अट ठेवा, नाहीतर दोन रेडचा पाहुणा भागाकाराच्या जोरावर पहिला येतो.

जुनं ईपीजीपी अ‍ॅडऑन हे आकडे ऑफिसर नोटमध्ये (सभासदाच्या नावापुढच्या टिपेत) ठेवायचं. जागा ३१ अक्षरांची, आणि ती बदलण्याचा हक्क असलेला कोणीही, चुकून का होईना, त्यात "सोमवारी येणार नाही" असं लिहून एखाद्याची तीन महिन्यांची कमाई पुसू शकायचा. पद्धत पसंत असेल तर दर रेडनंतर आकडे बाहेर काढून तारखेसह जपा. चार माणसांच्या मेहनतीवर चालणारी गोष्ट आहे. हिशेब ठेवणारा माणूस पक्का असेल तर चार, नसेल तर दोन.

लूट सोडून उरतो तो भांडार. गिल्ड बँक २००७ च्या २.३ पॅचमध्ये (अपडेटमध्ये) आली. व्हॅनिला (विस्तारांआधीच्या मूळ) क्लासिकमध्ये मात्र ती नाही, माल कोणाच्या तरी अल्टच्या बॅगेत असतो आणि त्या बॅगेत दुसऱ्या कोणाला डोकावता येत नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी. अशा अल्टच्या बॅगेचा दर आठवड्याला स्क्रीनशॉट आणि आला-गेला तक्ता, एवढं बंधनकारक करा. बँक असेल तर एका टॅबमध्ये ९८ जागा मिळतात आणि हुद्द्यानुसार रोजची मर्यादा लावता येते. ही मर्यादा नगांची नसून थप्प्यांची असते. "रोज ५" लिहिलं की २० च्या थप्पीनं १०० वनस्पती बाहेर जातात, आणि हे लक्षात येतं तेव्हा टॅब रिकामा झालेला असतो. नवशिक्याला १, रेडरला २ पुरे. लॉगमध्येही प्रत्येक टॅबच्या शेवटच्या २५ च नोंदी राहतात. मुद्दाम कोणी २६ वेळा एकेक वनस्पती आत-बाहेर केली की आधीचं सगळं पुसलं गेलं. ब्लॅक लोटस या दुर्मीळ वनस्पतीसारख्या मालासाठी वेगळा टॅब, काढायचा हक्क दोघांनाच, आणि त्यातले फ्लास्क (ताकद वाढवणारी पेयं) आधी टँकना, मग हीलरना. नव्या बॉसवर रात्रभर मरायचं असेल तेव्हाच बाकीच्यांना.